महल (१९४९ चित्रपट) : दृश्यशैली व छायाचित्रण

महल हा १९४९ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल हिंदी भयगूढपट आहे. मुंबईतील मालाड येथील बॉम्बे टॉकीज या संस्थेने त्याची निर्मिती केली. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोही यांचा हा पहिला चित्रपट असून त्यात अशोक कुमार व मधुबाला यांच्या प्रमुख भूमिका आहेत. छायाचित्रण योझेफ विर्शिंग यांचे आहे.

छायाचित्रकार

म्युनिक येथे जन्मलेले विर्शिंग 'लाइट ऑफ एशिया' (१९२५) या मूकपटाच्या निमित्ताने भारतात आले. पुढे ते बॉम्बे टॉकीजचे प्रमुख छायाचित्रकार झाले. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांनीच चित्रित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन असल्यामुळे ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. 'महल'च्या शैलीचे नाते अनेकदा जर्मन अभिव्यक्तिवादाशी जोडले जाते. ते अंशतःच खरे आहे. 'डॉ. कॅलिगरी'मधील रंगवलेले, वेडेवाकडे नेपथ्य येथे नाही. वाडा वास्तव वाटतो. त्याला अनोळखी करतो तो प्रकाश.

दृश्यशैली

वादळी रात्री हरिशंकर यमुनाकाठच्या 'संगम भवन' या ओसाड वाड्यात येतो आणि तेथील जुन्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. दालनांचा बराचसा भाग अंधारात ठेवलेला असल्याने प्रेक्षकालाही त्याच्याइतकेच दिसते. कामिनी कधी झोपाळ्यावर, कधी नावेत, बहुधा दुरून दिसते. नायक जवळ पोहोचेपर्यंत ती नाहीशी झालेली असते.

ती पारदर्शक भूत म्हणून दाखवलेली नाही, हे महत्त्वाचे. कामिनी ही प्रत्यक्षात माळ्याची मुलगी आशा असल्याचे अखेरीस उघड होते. कॅमेऱ्याने आधी खोटे काही दाखवले असते, तर हा उलगडा फसवणूक ठरला असता. चित्रपट दुसऱ्यांदा पाहतानाही टिकतो, त्याचे बरेचसे श्रेय या संयमाला जाते.

'आएगा आनेवाला' या गीतात आवाजही दृश्याला साथ देतो. गाणारी व्यक्ती दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर यांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून मायक्रोफोनकडे चालत येत सुरुवातीच्या ओळी गायल्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचे होते. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते.

प्रभाव

'महल'चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मधुमती'तही (१९५८) जुना वाडा, तसबीर व पुनर्जन्म हे घटक आढळतात. त्याचे छायाचित्रण दिलीप गुप्ता यांचे होते. विर्शिंग यांनी अमरोहींच्या 'पाकीझा'साठीही छायाचित्रण केले. त्याचे चित्रीकरण अपूर्ण असतानाच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. तो चित्रपट १९७२ मध्ये प्रदर्शित झाला.