श्रीक्षेत्र पैठण व तेथील निवाडे



गोदावरीस आपण दक्षिणगंगा म्हणतो. आमच्या शिरड शहापूर परिसरातील ओढ्यानाल्यांचे पाणी अखेर तिलाच जाऊन मिळते. म्हणून तिच्या काठचे पैठण आम्हांस कधीच परके वाटले नाही. फाल्गुन वद्य षष्ठीस तेथे नाथषष्ठीचा सोहळा भरतो व ठिकठिकाणच्या दिंड्या येतात. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे परभणी, पाथरी, माजलगाव, गेवराई या वाटेने तेथे जाऊन आली आहेत. गोदास्नान, नाथांच्या वाड्याचे व समाधीचे दर्शन, आणि परतताना घरच्या लक्ष्मीच्या आग्रहास्तव पैठणीच्या दुकानी फेरी, असा यात्रेचा क्रम ठरलेला असतो. तो उत्तमच आहे. परंतु या नगरीचा इतिहास जाणल्यावाचून केलेली यात्रा अर्धीच होय, असे आमचे नम्र मत आहे. आपल्या संस्थेपुढे आज उभ्या असलेल्या एका प्रश्नाचे उत्तरही त्या इतिहासात आहे. यास्तव हा लेखप्रपंच.

पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात हे नगर भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले असून, येथून अकीकाच्या जातीचे खडे गाड्यांतून त्या बंदराकडे जात, असेही नमूद आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने पुळुमावी राजाची राजधानी म्हणून याच नगराची नोंद केली. हाल राजाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या जनजीवनाची चित्रे आहेत. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शालिवाहन शकही परंपरा याच नगरीशी जोडते. आमच्या गावी एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे अतिशय क्षेत्र आहे, तद्वत् पैठण येथे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे आहे. अनेक पंथांस या नगरीने आपल्या काठी जागा दिली.

पुढे राजधानी गेली, पण विद्या राहिली. पैठणच्या विद्वानांचा शब्द धर्मशास्त्रात प्रमाण मानला जाई. या विद्वत्तेची थोरवी सांगण्यास एकच घराणे पुरे आहे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट हे पैठण सोडून काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांच्या पुढाकाराने १५८५ च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. त्याच कुळातील गागाभट्टांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर श्रीशिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी दक्षिणेतील शास्त्रीमंडळींत शंका काढणारे पुष्कळ होते. शास्त्र तेच, पण एकाने ते दार लावण्यासाठी वाचले, दुसऱ्याने दार उघडण्यासाठी. हा भेद वाचकांनी ध्यानी ठेवावा.

आता दुसरी बाजू पाहू. पैठणनजीक गोदातीरी आपेगाव आहे. तेथील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस गेले आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले. समाजाने त्यांस वाळीत टाकले. परंपरा सांगते की, देहान्त प्रायश्चित्तावाचून अन्य उपाय नाही, असा निवाडा मिळाल्यावरून पती-पत्नी दोघांनीही जलसमाधी घेतली. मागे राहिली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार बालके. त्यांस सांगण्यात आले, पैठणच्या ब्रह्मसभेकडून शुद्धिपत्र आणा. आळंदीहून ती मुले पायी पैठणास आली. नागघाटावर रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा येथलीच. शके १२०९, म्हणजे इसवी सन १२८७ मधील शुद्धिपत्र बोपदेवाच्या नावे सांगितले जाते. त्या पत्राविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. पण शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, याविषयी ग्रंथच साक्ष देतो. ज्या मुलांच्या शुद्धीविषयी सभा भरली, त्यांच्यातील एकाचा ग्रंथ आज घरोघरी देव्हाऱ्यात आहे. निवाडा देणाऱ्या सभासदांपैकी कितीजणांची नावे आपणांस सांगता येतील?

त्याच शतकात श्रीचक्रधरस्वामींवरही पैठण येथेच सभा भरवून दोषारोप ठेवण्यात आला, असे महानुभाव परंपरा मानते. त्यांच्या लीळा सांगणारे ‘लीळाचरित्र’ आज मराठी गद्याचा आद्य ठेवा गणले जाते.

नंतर सुमारे अडीच शतकांनी, १५३३ च्या सुमारास, याच नगरीत एकनाथ महाराज जन्मले. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे ते शिष्य. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपला मराठी ग्रंथ शके १४९५ मध्ये काशी येथे पूर्ण केला. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणल्याबद्दल तेथील पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला व पुढे त्याच ग्रंथाचा गौरव केला, असे चरित्रकार सांगतात. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली; म्हणजे पैठणने ज्यांना उभे करून जाब विचारला, त्यांचाच ग्रंथ पैठणच्या पुत्राने निर्मळ करून महाराष्ट्राच्या हाती दिला. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य समजल्या गेलेल्या घरचे मूल नाथांनी कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न भुकेल्यांस वाढले आणि त्यापायी ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला, या कथा आपण कीर्तनात ऐकतो. ऐकताना डोळे पुसतो. घरी आल्यावर मात्र त्या विसरतो.

आमच्या औंढा नागनाथासही ही शिकवण अपरिचित नाही. नामदेवरायांस कीर्तनासाठी देवळाच्या मागे जावयास लावले, तेव्हा देऊळच फिरले, ही कथा आमच्या भागातील पोराबाळांस पाठ असते. कथेचा आशय इतकाच की, माणसाने ज्यास मागे लोटले, त्याच्याकडे देवाने तोंड केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कुटुंबांची सूची छापली जाते. ज्या घरच्या मुलाने वा मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला, त्या घराचे नाव सूचीतून वगळावे, अशी सूचना काही मंडळींनी मांडली आहे. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत. ज्ञाती विस्कळीत होईल ही त्यांची चिंता खोटी नाही. परंतु आमच्या बालपणी एका कुटुंबाचे पाणी-विस्तव बंद केलेले आम्ही पाहिले आहे. घरात म्हातारी गेली, तेव्हा खांदा देण्यास चार माणसे गोळा होईनात. त्या निवाड्याने ज्ञाती बळकट झाली नाही. एक घर मात्र कायमचे तुटले, गाव सोडून गेले.

शिवाय आता हा केवळ मनाच्या मोठेपणाचा प्रश्न राहिलेला नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, तर पैठणच्या धड्याने आपण शहाणे व्हावे, असे आम्हांस वाटते.

आज पैठणास जाणारा यात्रेकरू १९७६ साली लोकार्पण झालेले जायकवाडी धरण पाहतो. त्याच्या जलाशयास लोकांनी नाथसागर हे नाव दिले. कालव्यातून जाणारे पाणी कोणाच्या शेताची ज्ञाती विचारीत नाही. नगरीने नाव जपले, ते ज्याने कोणाचेही नाव कापले नाही त्याचे.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची हात जोडून विनंती की, यंदाच्या सूचीतून एकही घर वगळू नये. ज्यांची नावे पूर्वी गळली असतील, त्यांस पत्र पाठवून आदराने परत बोलवावे. येत्या नाथषष्ठीस ज्ञातीतर्फे यात्रा काढावयाची झाल्यास पहिले निमंत्रण त्याच घरांस जावे. सुनेचे वा जावयाचे मूळ गाव व कुळ कोणते, हे पैठणच्या वाटेवर कोणीही विचारू नये.

श्रीनाथमहाराज आपणां सर्वांस तशी बुद्धी देवोत. इति शम्.