'प्रेझेंटली' म्हणजे नेमकं कधी?

सिल्लोडला भरतीची तयारी करत होतो तेव्हाची गोष्ट. सराव पेपरात प्रश्न आला: 'प्रेझेंटली'चा समानार्थी शब्द कोणता? मी ठोकून दिलं 'नाऊ', म्हणजे सध्या. उत्तरतालिकेत होतं 'सून', म्हणजे थोड्या वेळानं. मार्क गेला, पण डोक्यात किडा वळवळत राहिला.

खरं सांगू? मीही चूक नव्हतो. भारतात आणि अमेरिकेत 'सध्या' हाच अर्थ सर्रास चालतो, ब्रिटनमध्ये 'थोड्या वेळानं' जास्त. पण त्याच्याही आधीचा एक अर्थ आहे: ताबडतोब! १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूच्या शापानं अंजिराचं झाड 'प्रेझेंटली' वाळतं. उत्तरतालिकेतला अर्थ लावला तर वाटेल, वाळलं असेल संध्याकाळपर्यंत. तिथं सांगायचंय की जागच्या जागी वाळलं.

मग शब्द घसरला कसा? माणसांमुळे. 'लगेच येतो' म्हणायचं आणि तासानं उगवायचं. असं पिढ्यानपिढ्या चाललं की शब्दच आळशी होतो. 'सून'सुद्धा जुन्या इंग्रजीत 'त्याच क्षणी' होता.

इंग्रजांना हसू नका. आपला 'तूर्त' घ्या. 'त्वरित' आणि 'तूर्त' सख्खे भाऊ, संस्कृतात दोघंही वेगवान. आज 'त्वरित' अजून धावतोय आणि 'तूर्त थांबा' म्हणत दुसरा खुर्चीत बसलाय. आणि 'आलोच'? अजून घरातून निघालो नाही, तरी क्रियापद भूतकाळात!

आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, 'फौरन'. सिल्लोड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, सरकारी कारभार उर्दूत चालायचा. तो शब्द अजून बाजारात ऐकू येतो.

कायद्याला मात्र असला घसरडा शब्द परवडत नाही. तिथं 'फोर्थविथ' लागतो, म्हणजे विनाविलंब. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १५४ मध्ये, एफआयआरची प्रत तक्रारदाराला 'फोर्थविथ' आणि फुकट द्यायची असं लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातही हा शब्द तसाच आहे. तिथं 'प्रेझेंटली' असता तर वकील अर्थावरच भांडत बसले असते. तेव्हा मोबाईल चोरीला गेला, तक्रार नोंदवली आणि कोणी म्हणालं 'प्रत उद्या घेऊन जा', तर सांगा: कलम १७३, पोटकलम २.