पगारातला वाटा : इस्पितळांतील दानाचा थोडा इतिहास



मी बारावीत असताना माझ्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या एका मोठ्या शिकाऊ इस्पितळात ठेवले होते. एका इंजेक्शनला अठराशे रुपये कमी पडत होते. समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज दिला होता, पण मंजुरी यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने टेबलाच्या खणातून एक डबा काढला. त्यात तिने स्वतः पन्नास टाकले, दोघा निवासी डॉक्टरांनी शंभर-शंभर टाकले, आणि ज्याचा पगार माझ्या वडिलांच्या मजुरीहून फारसा जास्त नसावा त्या वॉर्डबॉयनेही दहाची नोट टाकली. महिनाअखेर होती. तरी डब्यात आधीचे थोडे शिल्लक होते म्हणून रक्कम भरली. वडील बरे होऊन कोल्हापूरला परत आले. पुढे मी इतिहास शिकवू लागलो, तेव्हा तो डबा वारंवार डोळ्यांपुढे येई. जिथे नोकरी करायची तिथेच आपल्या मिळकतीतला वाटा ठेवायचा, ही रीत आली कोठून?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयापासून सुरुवात करू. मुंबईत १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते, परंतु तेथील मोठ्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. आपला डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला शिकवण्याची खुर्ची मिळणे दुरापास्त. अशा वेळी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला मोठी देणगी देऊ केली आणि तिला अट घातली की, नव्या कॉलेजातील अध्यापक हे सरकारी नोकरीत नसलेले, पूर्ण पात्रतेचे हिंदी गृहस्थच असावेत. १९२५ मध्ये कॉलेज सुरू झाले, १९२६ मध्ये रुग्णालय. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन. हेच १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आता गंमत पाहा. देणगी शेठजींची, नाव शेठजींचे. पण त्या देणगीवर इस्पितळ चालले असते का? ते चालले मानद डॉक्टरांवर. लोक त्यांना ‘ऑनररी’ म्हणत. सकाळी वॉर्डात फेरी, मग विद्यार्थ्यांना शिकवणे, शस्त्रक्रिया. हे सारे बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर. पोट भरायचे ते संध्याकाळच्या खासगी दवाखान्यावर. समोर रुग्ण कोण, तर गिरणगावातले कामगार. त्यात आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडून आणि कोकणातून गेलेले हजारो. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर या सकाळींचा उल्लेख नसतो.

मात्र या डॉक्टरांना मी संत ठरवणार नाही. ऑनररी असण्याने नाव होई, आणि नावाने खासगी रुग्ण येत. देणाऱ्याचा फायदा झाला म्हणून दान खोटे ठरते असे मला वाटत नाही, एवढेच.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण मिरजेचे. मिरजेला आपण मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसाला जातो. पण आपल्या वाडवडिलांपैकी कितीतरी जण ‘वानलेसकडे’ औषधाला जात. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर, अमेरिकेतील जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या कारखानदाराच्या देणगीतून, १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. लवकरच तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. वानलेस नामांकित सर्जन होते. संस्थानिक, सावकार त्यांच्याकडे येत व भरपूर फी देत. ती फी डॉक्टरांच्या खिशात न जाता रुग्णालयाच्या खात्यात जाई, डॉक्टरांना मिशनचा ठरलेला पगार तेवढा मिळे. श्रीमंताच्या मोतीबिंदूवर गरिबाचा हर्निया निघे, असे म्हणा ना! १९२८ मध्ये निवृत्त होताना त्यांना ‘सर’ किताब मिळाला. आपल्या कोल्हापूरचे मेरी वानलेस रुग्णालय त्यांच्याच पत्नीच्या नावाचे.

परंतु पगारातला वाटा हा विषय नेहमी असा गोड नसतो. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. बाहेरची मिळकतही संस्थेलाच द्यावी की नाही, यावरून त्यांच्यात असे वाजले की १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले होते! तुरुंगाने जे तुटले नाही ते जमाखर्चाच्या वहीने तोडले. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडे सारखी नसतात, ही गोष्ट नियम करणारे विसरतात, असे मला तरी वाटते.

आपल्याकडे जकात आणि सदका यांतला फरक मुलांनाही ठाऊक असतो. जकातीला हिशेब आहे : निसाबाइतकी संपत्ती वर्षभर राहिली तर चाळिसावा हिस्सा. सदका मनाचा. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संस्थेत आम्हां शिक्षकांचा एक दिवसाचा पगार न विचारता कापला गेला. कशासाठी, तेही पगारपत्रकावरून कळेना. विचारले तर कारकून म्हणाला, “सर, पुण्यच लागतंय की.” ते ना जकात होते, ना सदका. त्यानंतर कितीतरी दिवस कोणी वर्गणी मागितली की माझा हात खिशाकडे जाईना. २०२० साली कोविडच्या काळात वेतन देण्याचे आवाहन झाले, तेव्हा मात्र मी आनंदाने दिले, कारण कशासाठी ते समोर दिसत होते.

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग झाले. जागा व इमारतीसाठी पैसा दरबारातून आला, पण रोजच्या जेवणाला आणि पुस्तकांना लागणारा पैसा काही एकदा देऊन संपत नाही. पालकहो, तुमच्यापैकी कितीकांची मुले आज डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट व्हायची स्वप्ने पाहतात. प्रवेश मिळूनही पहिल्या हप्त्यावाचून घरी बसलेली एक मुलगी मला ठाऊक आहे.

तिच्यासाठी म्हणून गेल्या वर्षी आमच्या शिक्षकदालनात एक डबा ठेवला. कोणाचा पगार कापला नाही. पहिल्या महिन्यात तिघांनीच हात लावला, दिवाळीनंतर अकरा जण झाले, आणि त्यात शाळेचे दोन्ही शिपाई होते. कोणी दिले याची सही एका वहीत घेतो, रकमेचा रकाना ठेवलेला नाही. मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे.