कृत्रिम दांत आणि घटीचा हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे राज्यें, लढाया आणि तह यांची आठवण आधीं होते. परंतु मनुष्याच्या हातून घडलेल्या लहानसहान वस्तूंनाहि इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां राजांच्या इतिहासाहून अधिक बोधप्रद असतो. दांतांच्या प्रयोगशाळेंत हल्लीं झिर्कोनिया नांवाच्या पांढऱ्या द्रव्याची टोपी, जिला लोक व्यवहारांत कॅप म्हणतात, ती हव्या त्या मापापेक्षां मुद्दाम सुमारें सव्वापट मोठी कोरतात. पाहणारास ही ढोबळ चूक वाटेल. पण या मोठेपणांत अडीचशें वर्षांचा अनुभव सांठलेला आहे, व त्याचीच हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अठराव्या शतकांत युरोपांतील श्रीमंत माणूस दांत गेल्यावर पाणघोड्याच्या किंवा वॉलरसच्या दांतांतून कोरलेली कवळी वापरी. ती लाळ शोषी, काळी पडे, आणि थोड्याच दिवसांत तिला दुर्गंधि येई. ज्याला याहून चांगलें हवें असे, तो खऱ्या माणसाचे दांत बसवून घेई. हे दांत गरिबांनीं पोटासाठीं विकलेले असत, किंवा प्रेतांच्या तोंडांतून काढलेले असत. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील मृतांचे दांत बाजारांत आले, आणि अशा दांतांना ‘वॉटर्लूचे दांत’ हें नांवच पडलें. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन याची कवळी लांकडाची होती, अशी दंतकथा आहे. वस्तुतः त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत, धातु व माणसांचे दांत होते. कुजणारें द्रव्य नको आणि दुसऱ्याच्या तोंडांतील दांतहि नको, असें ज्यास वाटे त्यास मार्ग नव्हता.

तो मार्ग प्रथम एका औषधविक्यास सुचला. पॅरिसजवळील सें-जर्में-आं-ले या गांवीं अलेक्सिस द्युशातो हा औषधांचें दुकान चालवी. त्याच्या कवळीस औषधांचे वास लागत. पण ज्या चिनी मातीच्या भांड्यांत तो औषधें घोटी, तीं मात्र धुतलीं कीं स्वच्छ. मग कवळीच चिनी मातीची कां करूं नये? १७७४ च्या सुमारास त्यानें पॅरिसच्या एका कारखान्यांत ती भाजवून घेतली. भट्टींतून निघाली ती आंखडलेली व वेडीवांकडी. मातींतील पाणी व पोकळ्या नाहींशा झाल्या म्हणजे वस्तु लहान होते, हें कुंभारास ठाऊक असतें. परंतु मडकें बोटभर लहान झालें तर चालतें, हिरडीवर बसणाऱ्या कवळीस केंसाएवढा फरकहि खपत नाहीं. मिश्रणें बदलून, पुनःपुन्हा भाजून, आणि निकोला द्युबुआ द शेमां या दंतवैद्याचें साह्य घेऊन द्युशातोनें अखेर वापरतां येण्याजोगी कवळी मिळविली.

पुढें घडलें तें जगाच्या रीतीप्रमाणेंच घडलें. द्युबुआनें १७८८ सालीं या विषयावर पुस्तिका छापली, १७८९ सालीं सोळाव्या लुईकडून एकाधिकार मिळविला, आणि क्रांतीच्या धामधुमींत लंडन गांठून १७९१ सालीं तेथेंहि हक्क नोंदविला. द्युशातोनें दाद मागितली. ती व्यर्थ गेली. कल्पना एकाची व पदरांत फळ दुसऱ्याच्या, असे प्रसंग विद्येच्या इतिहासांत पानोपानीं भेटतात. घटीचें संकट मात्र दोघांच्याहि मागें कायम राहिलें. १८०८ सालीं पॅरिसमध्येंच जुझेप्पांजेलो फोंझी या इटालियन गृहस्थानें प्लॅटिनमच्या खिळ्यांचे सुटे चिनी मातीचे दांत पुढें मांडले. अख्खी कवळी भाजण्यापेक्षां एकेक दांत भाजला तर आंखडण्याचा दोष त्या मानानें लहान राहतो, हा त्यांतील मोठा लाभ होय.

ज्या १७८९ सालीं द्युबुआस एकाधिकार मिळाला, त्याच सालीं बर्लिन येथें क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञास सिलोनांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, आलेल्या झिर्कोन रत्नांत एक नवी ‘माती’ सांपडली. हीच झिर्कोनिया. तिच्यांतील धातु बर्झेलियसनें १८२४ सालीं वेगळा केला. आपल्याकडे केरळाच्या किनाऱ्यावरील वाळूंत हें खनिज आहे. हें द्रव्य अत्यंत उष्णता सोसतें. पण त्यांत एक खोड आहे. निवतांना तें एका विशिष्ट तपमानास आपली स्फटिकरचना बदलतें आणि शेंकडा चारपांच फुगतें, त्यामुळें शुद्ध झिर्कोनियाची वस्तु तडकते. यट्रियासारखें द्रव्य थोडें मिसळलें म्हणजे ही खोड आंवरतां येते. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांतील गार्व्ही व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, या खोडीचाच उपयोग होतो: तडा पुढें सरकूं लागला कीं त्याच्या टोंकापाशींचे कण फुगतात व तड्यास दाबून धरतात. दोषच रक्षक झाला!

असें चिवट द्रव्य दांतास उत्तम. परंतु तें कोरावें कसें? पूर्ण भाजल्यावर हिऱ्याचीं हत्यारेंहि त्यावर झिजतात. १९७१ सालीं फ्रान्समध्यें फ्रांस्वा द्युरे यानें दांताचें माप प्रकाशानें घेऊन यंत्रानें दांत कोरण्याची कल्पना मांडली होती. स्वीडनमध्यें मॅट्स अँडरसन यानें ॲल्युमिनाच्या टोप्यांसाठीं मोठा केलेला सांचा वापरला. १९९० नंतरच्या दशकांत झूरिक येथील शास्त्रज्ञांनीं झिर्कोनिया अर्धवट भाजून, खडूसारखी मऊ असतांनाच मोठ्या मापानें कोरण्याची रीत सिद्ध केली. २००१ सालीं ती बाजारांत आली.

येथें हिशेबाची गंमत आहे. लांबींत शेंकडा वीस घट होणार असेल, तर नवशिका म्हणेल, माप शेंकडा वीस वाढवा. दहा मिलिमीटरांचे बारा झाले. भट्टीनें बाराचा पंचमांश घेतला, आणि हातीं आले ९.६. वाढ शेंकडा पंचवीसच हवी. साडेबारांतून अडीच गेले म्हणजे दहा उरतात. आकारमानाचा विचार केला तर जवळजवळ निम्मा दांत भट्टींत नाहींसा होतो! टोपी व दांत यांमधील फट सुमारें १२० मायक्रॉनपर्यंत चालते, असें मॅक्लीन व फॉन फ्रॉनहोफर यांनीं १९७१ सालीं सुचविलें होतें. नवशिक्याची चूक ४०० मायक्रॉनांची आहे. घटहि सर्वत्र सारखी नसते. ठोकळ्याच्या घनतेवर ती अवलंबून असते. म्हणून प्रत्येक खेपेच्या ठोकळ्यांस वाढीचा आंकडा जोडलेला असतो, आणि तो आंकडा चुकला तर यंत्राची सारी सूक्ष्मता फुकट जाते. पंधराशें अंशांच्या आसपास कांहीं तास तापून निघालेली टोपी मग रुग्णाच्या दांतावर नीट उतरते.

द्युशातोजवळ भट्टी होती, माती होती व बुद्धीहि होती. नव्हता तो घटीचा नेमका आंकडा. त्याच्या वंशजांनीं घट नाहींशी केली नाहीं. ती आधीं मोजली आणि तिच्यासाठीं जागा सोडली. या हिशेबाचें मोल केवळ यंत्रशास्त्राचें नाहीं. ज्या दिवशीं माती नेमकी भाजतां येऊं लागली, त्या दिवसापासून दरिद्र्याच्या तोंडांतला दांत धनिकाच्या तोंडांत जाण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र ही नवी टोपी आजहि कित्येकांच्या ऐपतीबाहेरची आहे. ती घट भरून काढण्याचा हिशेब भट्टीपाशीं सुटणारा नाहीं. तो समाजानेंच मांडावयाचा आहे.