तबकडीचे फेरे



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर, नाहीतर शाळेच्या जुन्या कपाटात, काळ्या तबकड्यांचा एखादा गठ्ठा पडलेला असेल. त्या वाजवण्याचा ग्रामोफोन कधीच मोडला, भोंगा भंगारात गेला, पण तबकड्या टाकवत नाहीत. अलीकडे अशा तबकड्या पुन्हा खाली उतरू लागल्या आहेत. कुणाला त्या नुसत्या ऐकायच्या असतात, कुणाला संगणकात उतरवून ठेवायच्या असतात. मग मला विचारतात, “सर, यंत्र कोणते घ्यावे?”

मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राच्या दुकानाशी माझा संबंध नाही. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर तबकडीच्या इतिहासातच शिरावे लागते, आणि हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. ती हकिकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने नाट्यपदाची एक दहा इंची तबकडी माझ्याकडे दिली. मी बाजारातून पेटीच्या आकाराचे एक स्वस्त यंत्र आणले. त्यावर 33, 45 आणि 78 असे तिन्ही आकडे होते. कळ 78 वर केली, पद संगणकात उतरवले आणि तबकडी परत केली. शाळेत ते मुलांना ऐकवलेही. त्या कार्यक्रमाला गावातले एक वृद्ध पेटीवादक आले होते. ऐकून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “सर, बाई एवढ्या घाईनं का हो गातायत? त्यांची पट्टी ही नव्हे.” मला ते खरे वाटेना. पुन्हा वाजवून पाहावे म्हणून शाळेत गेलो, तर तोवर तबकडी शिपायाच्या हातून पडून तिचे चार तुकडे झाले होते. आता उरली आहे ती माझी नक्कल, आणि ती चुकीची आहे.

चूक कुठे झाली? आकडा तर बरोबर 78 होता. इथून इतिहास सुरू होतो.

एडिसनने 1877 साली आवाज साठवण्याचे यंत्र केले. ते नळकांड्यावर चाले. एमिल बर्लिनर याने 1887 साली सपाट तबकडीची कल्पना मांडली. तबकडीचा साचा करून एकाच गाण्याच्या हजारो प्रती काढता येत, म्हणून अखेर तबकडीच टिकली. 1902 साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि गौहरजानसारख्या कलावतींचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. ती मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे छापून परत येत. जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतात, ते आपण ऐकले असेल. परक्या देशातल्या कारखान्यात गाणे कुणाचे ते कळावे, हा त्याचा एक उपयोग होता. पुढे 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला.

त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या वेळी थाळी फिरवायला विजेची मोटर नसे. वजन खाली उतरत जाई आणि त्याच्या ओढीने थाळी फिरे. वेग ठरवणारा माणूस, जागा आणि कंपनी बदलली की फेरेही बदलत. मिनिटाला सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. 1925 साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि मग हळूहळू 78 हा आकडा स्थिरावला. तेव्हा त्याआधीच्या तबकडीला आपण “अठ्ठ्याहत्तरची” म्हणतो, ते केवळ तिच्या घराण्याचे नाव समजावे. तिचा खरा वेग तिला स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

आता थोडा हिशेब बघा. वेगात सुमारे सहा टक्के वाढ झाली की आवाज अर्ध्या स्वराने वर चढतो. 78 चे सहा टक्के म्हणजे सुमारे साडेचार फेरे. मिनिटाला साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित केलेले गाणे 78 वर वाजवले, की काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये गाऊ लागते. लय वाढते, आवाज पातळ होतो, तान दाणेदार वाटू लागते. ऐकणारा म्हणतो, काय तयारी आहे! ती तयारी निम्मी मोटरची असते. जो विद्यार्थी अशा नकलेवरून गायकी समजून घेईल, तो खोट्या कागदपत्रावरून इतिहास लिहिणाऱ्यासारखाच फसेल.

म्हणून यंत्राची पहिली कसोटी अशी: त्याला तिन्ही वेग हवेत, आणि त्याशिवाय वेग थोडा कमीजास्त करण्याची सोय हवी. गंमत अशी की, ही गरज पूर्वीच्या लोकांनी ओळखली होती. कोलंबिया कंपनीने 1948 साली मिनिटाला सव्वातेहेतीसहून किंचित अधिक, म्हणजे 33⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी काढली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने 45 फेऱ्यांची काढली. घरोघरी जुन्या आणि नव्या तबकड्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. त्यांना एकाच थाळीवर वाजवता यावे म्हणून इंग्लंडमध्ये 1954 च्या सुमारास गॅरार्ड 301, आणि स्वित्झर्लंडमध्ये 1957 साली थोरेन्स टीडी 124 ही यंत्रे आली. दोन्हींना वेग बारीक जुळवण्याची कळ होती. पुढे 1972 साली जपानमध्ये टेक्निक्स एसएल 1200 हे गाजलेले यंत्र निघाले. त्याची मोटर थेट थाळीलाच जोडलेली, वेग पक्का. पण त्यावर 33⅓ आणि 45 हे दोनच वेग होते. एवढे चांगले यंत्र, पण आपल्या आजोबांच्या तबकडीला त्याचा उपयोग नाही! यंत्र नावाजलेले आहे एवढ्याने भागत नाही, ते आपल्या तबकडीच्या कामाचे आहे का हे पाहावे.

दुसरी कसोटी सुईची. जुनी तबकडी लाखेची. आपल्या रानातल्या पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात, तीच लाख दगडाची पूड आणि काजळी यांत मिसळून ही तबकडी होत असे. तिच्यावर पोलादी सुईचे जड डोके फिरे, शंभर ग्रॅमहून अधिक वजनाचे. दगडाच्या पुडीने सुई झिजून चराला जुळे, आणि एक बाजू वाजली की सुई फेकून द्यावी लागे. 1948 साली निघालेली लांब वाजणारी तबकडी व्हिनाइलची, मऊ आणि गुळगुळीत. तिचा चर फार अरुंद, म्हणून तर एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांऐवजी वीस मिनिटे मावू लागली. व्हिनाइलच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे 18 ते 25 मायक्रॉन असते, लाखेच्या तबकडीची सुमारे 65 ते 75 मायक्रॉन. बारीक सुई रुंद चरात घातली की ती बाजूंना नीट टेकत नाही, तळाशी खडखडत राहते आणि तिथली सगळी घाण गाण्यात आणते. माझ्या स्वस्त यंत्राला दोन्हींसाठी एकच बारीक सुई होती. वेगाची चूक संगणकात पुष्कळशी दुरुस्त होते, तशी मी ती नंतर त्या पेटीवादकांच्या मदतीने केलीही. पण सुईने जे उचललेच नाही, ते संगणक कुठून आणणार?

तेव्हा ज्याची सुई बदलता येते, आणि दांडीच्या मागचे वजन फिरवून सुईचा भार जुळवता येतो, असेच यंत्र घ्यावे. व्हिनाइलला साधारण दीड ते अडीच ग्रॅम, लाखेला तीन ते पाच ग्रॅम भार लागतो. नेमका आकडा सुईच्या कागदावर दिलेला असतो, तो पाळावा.

तिसरी कसोटी जरा आतली आहे. चर कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज मुद्दाम वाढवून कापतात, नाहीतर खर्जाच्या मोठ्या हेलकाव्याने एक चर शेजारच्या चरात घुसेल. वाजवताना यंत्र उलट भरपाई करते. या भरपाईचे समान माप 1954 साली ठरले. त्याआधी प्रत्येक कंपनीचे माप निराळे होते, आणि भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांना असे मापच नव्हते. आजची यंत्रे सर्वांना 1954 चेच माप लावतात. म्हणून ही भरपाई बंद करण्याची कळ यंत्राला असावी. नक्कल कोरी उतरवावी आणि भरपाई मागाहून करावी. यंत्रातूनच संगणकाला जोडणारी तार पुष्कळदा मिळते. घरगुती ऐकण्याला ती सोय पुरेशी आहे. मात्र जतनासाठी 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ या मापाने उतरवणे बरे. त्याला मिनिटाला सुमारे 35 मेगाबाइट जागा लागते, म्हणजे दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वाशे मेगाबाइटच्या आत मावते. आजच्या दिवसांत हे काही महाग नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दोन घरगुती सूचना. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजा: मिनिटाला 78, किंवा तीन मिनिटांत बरोबर 100. मुलांना हा गणिताचा चांगला धडा होतो. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. नकलेबरोबर एक चिठ्ठीही ठेवा: तबकडीचा क्रमांक, कोणत्या वेगाने वाजवली, कोणती सुई लावली. पट्टीवरून वेग ठरवला असेल तर तसे लिहा, कारण त्या काळच्या सगळ्या पेट्या एका सुरात लावलेल्या नव्हत्या. तो पुरावा आहे, निकाल नव्हे.

शेवटी एक गोष्ट सांगून रजा घेतो. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर ती कोरलेली आहे. पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली, आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हावा हे वरच्या झाकणावर चित्राने दाखवले: 3.6 सेकंद, म्हणजे मिनिटाला 16⅔ फेरे. ज्यांनी बाईंना कधी पाहिले नाही, ज्यांची भाषाही आपल्याला ठाऊक नाही, अशांनासुद्धा ती भैरवी तिच्या लयीत ऐकू यावी, एवढी काळजी त्यांनी घेतली.

आपले ऐकणारे तर आपल्याच घरातले आहेत. त्यांच्यासाठी निदान तेवढी काळजी आपण घेऊ या.