पाकिटावरील चित्र : एका सावधगिरीच्या सूचनेचा इतिहास

अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतला, तेव्हा त्याच्या सामानात तंबाखू आणि ती ओढण्याची एक शोभिवंत नळी होती. हा प्रसंग १६०४-०५ च्या सुमाराचा. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. पण जवळ असलेल्या राजवैद्याने हरकत घेतली. ज्या वस्तूचे गुणदोष आपल्या वैद्यांनी पारखलेले नाहीत, ती बादशहाने का सेवावी, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर, जगातील प्रत्येक रीत कधी तरी नवीनच असते, असे असद बेगाने उत्तर दिले. अकबराने पुढे ती नळी हाती धरली नाही. दरबारी मंडळींनी मात्र तंबाखू मागून घेतली. पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेली ही वनस्पती अशा रीतीने दक्खनमार्गे उत्तरेस पोहोचली. १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली, तिचाही उपयोग झाला नाही. आपल्या देशात तंबाखूविषयी दिलेली पहिली सावधगिरीची सूचना वाऱ्यावर गेली ती अशी.

त्या राजवैद्याच्या शंकेला शास्त्राचा भक्कम आधार मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली. १९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १९६६ पासून त्या देशात सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. आपल्या संसदेने १९७५ साली कायदा करून सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक असल्याचे वाक्य पाकिटावर आणले.

या कायद्यात दोन मोठ्या उणिवा होत्या. एक म्हणजे तो केवळ सिगारेटपुरता होता. गोरगरिबांची विडी आणि चघळण्याची तंबाखू या दोन्ही त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. दुसरी उणीव त्याहून मूलगामी होती. १९७१ च्या जनगणनेप्रमाणे या देशात शंभरांतील जेमतेम चौतीस-पस्तीस माणसे साक्षर होती. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी बारीक अक्षरांतील ते वाक्य असून नसल्यासारखेच होते.

खरे पाहता, निरक्षरास चित्राने सांगावे ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी अशी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील चित्रकथी कागदावरील चित्रे एकामागून एक उलगडीत रामायण-महाभारतातील प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गोमंतकातील मंदिरांच्या भिंतींवरील कावी चित्रांनीही हेच कार्य केले. ज्यांनी पोथी कधी उघडली नाही, त्यांनाही या चित्रांमुळे धर्म-अधर्माची गोष्ट कळली. परंतु आरोग्याच्या बाबतीत हा मार्ग प्रथम मोठ्या प्रमाणावर चोखाळला तो कॅनडाने. त्या देशाने २००० साली नियम करून पाकिटाच्या दर्शनी भागाचा अर्धा हिस्सा रोगग्रस्त अवयवांच्या रंगीत चित्रांना दिला. पाठोपाठ ब्राझील, सिंगापूर व थायलंड हे देश त्या वाटेने गेले. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात अशा चित्रांना मान्यता मिळाली. भारताने त्या करारावर फेब्रुवारी २००४ मध्ये संमतीची मोहोर उमटविली.

या चळवळीत गोमंतकाचा वाटा लहान नाही. गोव्याचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखू निर्मूलनासाठी संस्था उभारली आणि हा लढा आयुष्यभर चालविला. सिगारेटच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या क्रिकेट सामन्यांचा शाळकरी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात पाहणी केली. ती १९९६ साली इंग्लंडातील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांस मनाई करणारा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला. देशाचा व्यापक कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ साली झाला आणि त्यात विडी, गुटखा, चघळण्याची तंबाखू हे सर्व पदार्थ आले.

कायदा झाला तरी चित्र पाकिटावर उतरण्यास आणखी सहा वर्षे जावी लागली. २००६ साली नियम प्रसिद्ध झाले, त्यांत कवटी व हाडे यांचे चिन्ह होते. त्यावर तंबाखूच्या व्यापाराशी संबंधित मंडळींनी हरकती घेतल्या. अशा चिन्हाने धार्मिक भावना दुखावतील, हे कारणही पुढे आले. २००७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते चिन्ह ऐच्छिक ठरले. ज्यांच्या आराध्यदैवताच्या गळ्यात मुंडमाळा आहे आणि ज्याचा वास स्मशानात आहे, त्या भाविकांना कवटीच्या चित्राने कोणता धक्का बसणार होता, हा प्रश्न देवळात जाणाऱ्या माणसाने तरी विचारला पाहिजे. धर्माचे नाव घेऊन येथे कशाचे रक्षण चालले होते, हे उघड आहे.

दुसरी हरकत मात्र इतक्या सहजपणे बाजूस सारता येत नाही. घरोघरी विड्या वळणाऱ्या लक्षावधी स्त्रियांच्या पोटाचे काय? बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे तंबाखूच्या बाजारपेठेचे गाव. तेथील शेतकऱ्यांनी १९८१ साली रास्त भावासाठी केलेले आंदोलन सीमाभागाच्या स्मरणात आहे. या पिकावर आणि या धंद्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांना दुसरा मार्ग दाखविणे हे शासनाचे कर्तव्यच होय. परंतु एकाची भाकर दुसऱ्याच्या रोगावर अवलंबून असेल, तर त्या दुसऱ्याला रोगाची कल्पनाही देऊ नये, असा न्याय कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

न्यायालयांचे दरवाजे ठोठावावे लागल्यानंतर अखेर ३१ मे २००९ पासून चित्रे आली. ती दर्शनी बाजूच्या चाळीस टक्के भागावर होती. धूम्रपानाच्या वस्तूंवर फुप्फुसाचे चित्र होते. चघळण्याच्या तंबाखूवर मात्र विंचू आला. विंचवाने नांगी मारली की माणूस त्याच क्षणी ओरडतो. तंबाखूची नांगी वीस-वीस वर्षे कळतच नाही. रोगाचे खरे स्वरूप झाकून ठेवणाऱ्या त्या चित्राने सावधगिरीपेक्षा संभ्रमच अधिक निर्माण केला. २०११ च्या डिसेंबरात विंचू गेला आणि तोंडाच्या कर्करोगाची खरी चित्रे आली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये शासनाने पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा पंचाऐंशी टक्के भाग इशाऱ्याला देण्याचे ठरविले. १ एप्रिल २०१५ ही तारीखही नेमली. परंतु हा विषय संसदेच्या एका समितीपुढे होता. तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारा भारतीय अभ्यास नाही, असे उद्गार समितीच्या अध्यक्षांनी, जे महाराष्ट्रातीलच खासदार होते, काढल्याचे वृत्तपत्रांत आले. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. ग्वाल्हेर परिसरातील एक तरुण माता तोंडाच्या कर्करोगाने पीडित होती. तिने आपला विद्रूप झालेला चेहरा जनजागृतीसाठी देशापुढे ठेवला होता. या दिरंगाईबद्दल खेद व्यक्त करणारे पत्र तिने पंतप्रधानांना लिहिले. ज्या १ एप्रिलला नवी चित्रे यावयाची होती, त्याच दिवशी तिने देह ठेवला.

नवा नियम अखेर १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला. परंतु जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि चित्रे राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांकही पाकिटावर आला.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? देशातील प्रौढांच्या पाहणीत तंबाखू सेवन करणारांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. इशारा पाहून व्यसन सोडण्याचा विचार मनात आला, असे सांगणारे सिगारेट ओढणारे ३८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर, विडी ओढणारे २९ वरून ५४ वर आणि तंबाखू चघळणारे ३४ वरून ४६ वर गेले. हे सर्व श्रेय केवळ चित्राचे म्हणता येणार नाही. करवाढ, बंदी व प्रचार यांचाही त्यात भाग आहे. शिवाय विचार येणे आणि व्यसन सुटणे यांत बरेच अंतर असते.

आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक एकेक सिगारेट सुटी विकत घेतात; चित्र छापलेले पाकीट दुकानदाराच्या फळीवरच राहते. महाराष्ट्राने २०२० साली सुट्या विक्रीस मनाई केली ती याच कारणाने. परंतु असा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यास शासनाचा माणूस प्रत्येक टपरीपाशी उभा राहू शकत नाही.

येथे देवस्थानांनी काही करता येण्यासारखे आहे. जत्रेच्या दिवसांत देवळाबाहेरच्या जागा कोणत्या दुकानांना द्यावयाच्या, हे अनेक ठिकाणी देवस्थानची समितीच ठरविते. नारळ-फुलांच्या दुकानाशेजारी विडी, सिगारेट आणि तंबाखूच्या पुड्या टांगलेल्या दिसतात, त्या आपल्या संमतीनेच. पुढील जत्रेच्या बैठकीत हा विषय एखाद्या महाजनाने काढला, तर त्यासाठी ना संसदेचा कायदा हवा, ना न्यायालयाची स्थगिती.