प्राणी निवारे (कुत्री व मांजरे), अहिल्यानगर जिल्हा

जखमी, टाकून दिलेली किंवा आईवेगळी झालेली कुत्री-मांजरे सांभाळण्याची जागा. बोलण्यात सगळे तिला ‘शेल्टर’च म्हणतात. तिचा जुना अवतार म्हणजे पांजरपोळ. पांजरपोळ म्हटले की आज गाईगुरे आठवतात, पण मुंबईच्या पांजरपोळामागे निमित्त कुत्र्यांचे होते. 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून तिथे पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाला.

निवारा आणि निर्बीजीकरण केंद्र यांत नेहमी गल्लत होते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करून, त्याला रेबीजची लस देऊन, कानाला खाच पाडून जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. केंद्रात त्याचा मुक्काम चार दिवसांचा. निवाऱ्यात उरतात ती सोडता न येणारी: मणका मोडलेली, आंधळी, म्हातारी. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने यात भर पडली. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची.

ठेवायची, पण कुठे? जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा (17,048 चौ. किमी.), तरी निवाऱ्याला जागा सहज मिळत नाही. वस्तीजवळ भुंकण्याची आणि वासाची तक्रार येते. वस्तीपासून लांब जावे तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, आणि निवाऱ्यात पिण्यापेक्षा धुण्यालाच पाणी अधिक लागते. प्रवरेच्या पट्ट्यात पाणी आहे, म्हणून ऊस आहे, आणि उसात बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के कुत्री आणि 12 टक्के मांजरे निघाली. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रे अंगणात. म्हणून या पट्ट्यातल्या निवाऱ्याला चारी बाजूंच्या जाळीइतकीच वरची जाळीही लागते. दक्षिण भागही आता निर्धास्त नाही; 2020 मध्ये पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले.

रोजच्या कामात सर्वाधिक चुका सफाईत होतात. पिल्लांचा काळ ठरलेला पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि घरोघरच्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते. उलट तेच फिनेल मांजरांना विषारी. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते, आणि बाधा तिथून होते. नवा प्राणी आधी विलग खोलीत ठेवावा. पिंजऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी, चावा झाल्यावर नव्हे. (चावा झाला तर पुढचे डोस आहेतच.)

भाड्याच्या जागेवरचा निवारा कधी ना कधी हलतो. करार अकरा महिन्यांचा असतो आणि शेजारी प्लॉटिंग सुरू झाले की मालकाचा सूर बदलतो. हलवताना जनावरांची वाहतूक नियम, 1978 नुसार कुत्र्या-मांजरांना पशुवैद्यकाचा दाखला लागतो. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यावे लागते, आणि दिवस भरत आलेली मादी नेता येत नाही. नगरच्या उन्हात ‘छोटा हत्ती’ टेम्पो पहाटेच निघावा. सोबत राहिलेली कुत्री एकाच फेरीत न्यावीत आणि नव्या जागीही शेजारी-शेजारी ठेवावीत. टोळी फोडली की पहिल्या आठवड्यात मारामाऱ्या होतात. जुनी गोणपाटे आणि लाकडी फळ्या बरोबर नेऊ नयेत, त्यांतून पार्व्होही नव्या जागी जातो.

कुत्रे माणसांच्या मागे जाते, मांजर जागेला धरून असते. पिंजऱ्यावर चादर टाकून ते शांत नेता येते, पण पोचल्यावर किमान दोन-तीन आठवडे बंद खोलीतच ठेवावे लागते. आधी दार उघडले तर ते जुन्या जागेच्या दिशेने चालू लागते.